बाबुराव शेडमाके

बाबुराव पुल्लेसूरबापू शेडमाके (१२ मार्च, १८३३ – २१ ऑक्टोबर, १८५८) हे नागपूर प्रांतातील चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्ह्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या सत्तेविरुद्ध झालेल्या १८५८ च्या उठावाचे नेते होते. ते गोंड समाजातील जमीनदार घराण्यात जन्मले. उठाव मोडून काढल्यानंतर कंपनी सरकारने त्यांना चांदा येथे फाशी दिली. त्या वेळी त्यांचे वय २५ वर्षे होते. विदर्भात, विशेषतः आदिवासी समाजात, ते ‘वीर बाबुराव शेडमाके’ या नावाने ओळखले जातात.

सुरुवातीचे जीवन

बाबुरावांचा जन्म आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यात किष्टापूर येथे झाला. वडील पुल्लेसूरबापू हे मोलमपल्लीचे जमीनदार होते. आईचे नाव जुर्जाकुंवर होते. गोटुलातील पारंपरिक संस्कारांनंतर त्यांना पुढील शिक्षणासाठी रायपूरला पाठविण्यात आले. तेथे त्यांचा इंग्रजी भाषेशी परिचय झाला. शिक्षणानंतर ते मोलमपल्लीला परतले आणि जमीनदारीचा कारभार पाहू लागले.

पार्श्वभूमी

नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर, १८५३ रोजी मरण पावले. त्यांना औरस पुत्र नसल्याचे कारण देऊन लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. त्याबरोबर चांदा जिल्हाही कंपनीच्या अमलाखाली आला. या नव्या प्रांतात जिल्ह्याचा महसूल, पोलीस व फौजदारी न्याय यांची सूत्रे प्रामुख्याने डेप्युटी कमिशनर या एकाच अधिकाऱ्याकडे होती. गोंड जमीनदारांच्या परंपरागत अधिकारांवर त्यामुळे मर्यादा आल्या.

१३ जून, १८५७ रोजी नागपूर येथे घोडदळाने आखलेला उठावाचा बेत फसला आणि त्याच्या सूत्रधारांना फाशी देण्यात आली. १८ सप्टेंबर, १८५७ रोजी जबलपूर येथे गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातील शंकरशाह व त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले.

उठाव

बाबुरावांनी गोंड तरुण व रोहिले यांना एकत्र करून सैन्य उभारले. परंपरेनुसार या सैन्याला ‘जंगोम दल’ असे म्हणतात. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगण्यावर हल्ला केला. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी त्यांच्याविरुद्ध फौज पाठवली. १३ मार्च रोजी नांदगाव घोसरी येथे लढाई झाली. अडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव हेही बाबुरावांना येऊन मिळाले. पुढे गढीसुर्ला व इतर ठिकाणीही चकमकी झाल्या.

२९ एप्रिल रोजी प्राणहिता नदीकाठी चिंचगुडी येथील तार खात्याच्या छावणीवर उठावकर्त्यांनी हल्ला केला. त्यात गार्टलँड व हॉल हे दोन युरोपीय कर्मचारी मारले गेले, तर पीटर हा तिसरा कर्मचारी निसटला. या घटनेनंतर उठावाकडे पाहण्याचा सरकारचा दृष्टिकोन अधिक कठोर झाला.

अटक, खटला व फाशी

बाबुरावांना पकडून देण्यासाठी क्रिक्टन यांनी अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. लक्ष्मीबाईंच्या माणसांनी भोपालपट्टनम येथे बाबुरावांना एकदा पकडले, परंतु ते निसटले. १८ सप्टेंबर, १८५८ रोजी ते पुन्हा पकडले गेले आणि त्यांना चांद्याला आणण्यात आले. सुमारे एका महिन्यात खटला व शिक्षा उरकून २१ ऑक्टोबर रोजी तुरुंगाच्या आवारातील पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी देण्यात आली. व्यंकटराव बस्तरमध्ये आश्रयास गेले होते. १८६० मध्ये ते सरकारच्या हाती लागले आणि त्यांना जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

या खटल्यात उठाव मोडणारी आणि शिक्षा देणारी यंत्रणा एकच होती. उठावाच्या काळात कंपनी सरकारने केलेल्या कायद्यांनुसार विशेष न्यायाधिकाऱ्यांचा निकाल अंतिम मानला जाई व त्यावर अपील नसे. याउलट, मोफसल भागात एखाद्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनावर गंभीर गुन्ह्याचा आरोप आल्यास त्याचा खटला स्थानिक न्यायालयात न चालता कलकत्ता, मुंबई किंवा मद्रास येथील सर्वोच्च न्यायालयात, ज्यूरीपुढे चालत असे. एकाच भूमीवर आरोपीच्या वंशानुसार न्यायाच्या दोन पद्धती होत्या.

बाबुरावांच्या फाशीनंतर ११ दिवसांनी, १ नोव्हेंबर, १८५८ रोजी, राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्यात उठावकर्त्यांना माफी देऊ करण्यात आली. मात्र ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग घेतल्याचे सिद्ध झालेल्यांना ती लागू नव्हती. चिंचगुडीच्या घटनेमुळे बाबुरावांना या माफीचा लाभ मिळण्याची शक्यता कमीच होती. उठाव दडपताना मारल्या गेलेल्या गोंड व रोहिल्यांच्या मृत्यूंसाठी मात्र अशी कोणतीही तरतूद या जाहीरनाम्यात नव्हती.

फौजदारी न्यायातील हा वांशिक भेद पुढेही दीर्घकाळ टिकला. भारतीय न्यायाधीशांना युरोपीय आरोपींचे खटले चालविण्याचा अधिकार देऊ पाहणाऱ्या १८८३ च्या इल्बर्ट विधेयकाला युरोपीय समाजाने तीव्र विरोध केला आणि १८८४ मध्ये ते सौम्य स्वरूपात संमत झाले. १९२३ च्या दुरुस्तीने हे विशेषाधिकार कमी झाले, तर त्यांचे उरलेले अवशेष स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने नष्ट झाले.

स्मृती

चंद्रपूर कारागृहातील पिंपळाचे झाड बाबुरावांचे स्मृतिस्थळ मानले जाते. दरवर्षी २१ ऑक्टोबर रोजी तेथे त्यांना अभिवादन केले जाते. ‘ताडवा’ खाल्ल्यामुळे त्यांना अलौकिक सामर्थ्य लाभले होते आणि फाशीचा दोर अनेकदा तुटला, अशी लोककथा या भागात सांगितली जाते. भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले.