जॉन पोस्टेल

जोनाथन ब्रूस पोस्टेल (६ ऑगस्ट १९४३ – १६ ऑक्टोबर १९९८) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. इंटरनेटवरील क्रमांक, नावे आणि नियम यांची मध्यवर्ती नोंदवही त्यांनी जवळजवळ तीन दशके सांभाळली. एखादे डोमेन नाव कोणाकडे नोंदलेले आहे हे शोधून देणारी ‘हूइज’ ही सेवा त्यांनी तयार केलेली नाही. मात्र ज्या व्यवस्थेत अशी नोंद ठेवणे व ती मागेल त्याला दाखवणे स्वाभाविक मानले गेले, ती व्यवस्था मोठ्या प्रमाणात त्यांच्या हातून घडली.

शिक्षण व आरंभीचे काम

पोस्टेल यांचा जन्म कॅलिफोर्निया राज्यातील अल्टाडेना येथे झाला. व्हॅन नाइस हायस्कूलमधील शिक्षणानंतर त्यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९६६ मध्ये पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे इंटरनेटच्या इतिहासातील दोन मोठे पुरुषही त्याच हायस्कूलचे विद्यार्थी होते आणि विद्यापीठात हे तिघे एकत्र काम करत. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेट या जाळ्यावरील पहिला संदेश ऑक्टोबर १९६९ मध्ये याच विद्यापीठातून पाठवला गेला.

त्याच वर्षी क्रॉकर यांनी ‘आरएफसी’ या नावाने टिपणांची मालिका सुरू केली. संगणकांनी परस्परांशी कसे बोलावे याचे प्रस्ताव या टिपणांतून मांडले जात. पुढे मालिकेचे संपादन पोस्टेल यांच्याकडे आले आणि ते त्यांनी अखेरपर्यंत केले. टीसीपी, आयपी आणि ई-मेल पोहोचवणारा एसएमटीपी यांचे मूलभूत नियम १९८१-८२ मध्ये त्यांच्याच संपादनाखाली वा लेखणीतून प्रसिद्ध झाले. १९७७ पासून ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मरीना डेल रे येथील माहितीविज्ञान संस्थेत होते. लांब दाढी, पायांत सँडल आणि डोंगरभ्रमंतीची ओढ असा हा गृहस्थ कोणत्याही कार्यालयाचा अधिकारी वाटत नसे.

नोंदवही

संगणकाच्या प्रत्येक सेवेला ठरावीक ‘पोर्ट’ क्रमांक असावा आणि तो कोणीतरी एकानेच वाटावा, असे पोस्टेल यांनी १९७२ मध्ये सुचवले. वाटपाची जबाबदारी स्वतः घेण्याची तयारीही त्यांनी दाखवली. सुरुवातीला केवळ यादी ठेवण्याचे असलेले हे काम पुढे ‘आयाना’ या नावाने ओळखले जाऊ लागले. व्यवहारात आयाना म्हणजे पोस्टेल आणि त्यांच्या सहकारी जॉयस रेनॉल्ड्स यांच्यासह मोजकी माणसे.

या यादीत ४३ हा क्रमांक हूइजला मिळाला. ही सेवा एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखालील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या माहिती केंद्रात चालत असे. तिचे नियम केन हॅरेनस्टीन व व्हिक व्हाइट यांनी मार्च १९८२ मध्ये आरएफसी ८१२ म्हणून प्रसिद्ध केले. रचना अत्यंत साधी होती. विचारणारा संगणक पोर्ट ४३ शी जोडणी करून एक ओळ पाठवतो. उत्तरादाखल नाव, टपालाचा पत्ता, दूरध्वनी, ई-मेल असा मजकूर येतो आणि जोडणी बंद होते. परवलीचा शब्द नाही, की विचारणाऱ्याची चौकशी नाही. जाळ्याचे वापरकर्ते तेव्हा बहुतांशी संशोधन संस्था व लष्करी केंद्रांतील होते. बिघाड झाला तर कोणाला गाठायचे हे कळणे सर्वांच्याच सोयीचे होते.

पोस्टेल यांचेच सहकारी पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नावांची पद्धत मांडली. पुढच्या वर्षी पोस्टेल व रेनॉल्ड्स यांनी तिच्या अटी ठरवल्या. प्रत्येक डोमेनला एक जबाबदार, संपर्क साधता येईल अशी व्यक्ती असावी, ही अट त्यांत होती. देशांच्या नावांचा प्रश्न नाजूक होता. कोणता प्रदेश देश आहे याचा निवाडा आपल्याकडे येऊ नये म्हणून त्यांनी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची दोन अक्षरी संकेतांची तयार यादीच स्वीकारली. ही युक्ती दूरदर्शी ठरली. भारताचे ‘.इन’ १९८९ मध्ये नोंदले गेले आणि त्याची व्यवस्था पुढे अनेक वर्षे मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. १९९४ च्या आरएफसी १५९१ मध्ये पोस्टेल यांनी स्पष्ट केले की, डोमेनचा व्यवस्थापक हा त्या समाजाचा विश्वस्त असतो, मालक नव्हे.

१९९८ चा प्रसंग

मालकीचा प्रश्न मात्र टळला नाही. १९९३ पासून ‘.कॉम’ची नोंदणी नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे होती आणि १९९५ मध्ये तिला शुल्क आकारण्याची परवानगी मिळाली. नोंदवहीला आता बाजारभाव आला होता. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ सर्व्हर चालवणाऱ्यांपैकी आठ जणांना ई-मेल पाठवून, मूळ यादी कंपनीच्या संगणकाऐवजी आयानाच्या संगणकावरून घेण्यास सांगितले. त्यांनी ते ऐकले. कोणताही लेखी अधिकार नसताना केवळ शब्दाखातर अर्ध्याहून अधिक मूळ सर्व्हर वळले. सामान्य वापरकर्त्याला काहीच जाणवले नाही, परंतु वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. अध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांच्या दबावानंतर हा बदल मागे घेण्यात आला. ती एक चाचणी होती, अशी पोस्टेल यांची भूमिका राहिली. चाचणी असो वा इशारा, एका व्यक्तीवरील विश्वासावर ही व्यवस्था उभी असल्याचे त्यातून उघड झाले.

नोंदवही सांभाळण्यासाठी ‘आयकॅन’ ही ना-नफा संस्था ३० सप्टेंबर १९९८ रोजी कॅलिफोर्नियात स्थापन झाली. तिच्या घडणीत पोस्टेल यांचा मोठा वाटा होता. अवघ्या सोळा दिवसांनी, हृदयाच्या झडपेवरील शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे, वयाच्या ५५ व्या वर्षी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. सर्फ यांनी लिहिलेला श्रद्धांजलीपर लेख आरएफसी २४६८ म्हणून त्याच मालिकेत प्रसिद्ध झाला. इंटरनेट सोसायटी त्यांच्या नावे पुरस्कार देते. १९९९ चा पहिला पुरस्कार पोस्टेल यांनाच मरणोत्तर देण्यात आला.

नंतरचा काळ

हूइजमधील उघडे पत्ते जाहिरातबाज व फसवणूक करणाऱ्यांच्या हाती पडू लागले. दुसरीकडे पोलीस आणि पत्रकार यांना तीच नोंद उपयोगी पडत होती. २०१८ मध्ये युरोपीय महासंघाचा माहिती संरक्षण कायदा लागू झाल्यावर बहुतेक व्यक्तिगत तपशील झाकले गेले. जानेवारी २०२५ पासून ‘.कॉम’सारख्या सर्वसाधारण डोमेनांसाठी हूइजची सक्ती संपली असून ‘आरडॅप’ ही नवी पद्धत तिच्या जागी आली आहे. आयानाच्या यादीत पोर्ट ४३ आजही हूइजच्याच नावावर आहे.