पोरांसाठी स्टॅम्प पेपरवर करार करणारा फादर : डॉन बॉस्को

माटुंग्याच्या शाळेमुळे ‘डॉन बॉस्को’ हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांनी ऐकलेलं आहे. पण हा माणूस मुळात शेतकऱ्याचा पोरगा होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. (डॉन म्हणजे सिनेमातला डॉन नव्हे. इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी हा शब्द मानाने लावतात.)

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतल्या बेक्की या वाडीवर झाला. ते दोन वर्षांचे व्हायच्या आतच वडील गेले. आई मार्गारीटा हिने तीन पोरं आणि म्हातारी सासू सांभाळत शेती ओढली. शिक्षणावरून थोरल्या सावत्र भावाशी खटके उडायचे, म्हणून जॉन काही काळ दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राहिले. पुढे शिकता शिकता शिंपीकाम, सुतारकामही हाताखालून गेलं.

१८४१ मध्ये धर्मगुरू होऊन ते तुरिन शहरात आले. शहर वाढत होतं, बांधकामं जोरात होती. खेड्यापाड्यातली पोरं गवंड्याच्या हाताखाली नाहीतर धुराडी साफ करायला यायची. ना राहायला जागा, ना कुणी आपलं माणूस. बॉस्को तुरुंगात जायचे तेव्हा सुटलेली पोरं पुन्हा आत आलेली दिसायची. मग रविवारी अशा पोरांना गोळा करून खेळ, प्रार्थना, थोडं लिहिणं-वाचणं सुरू झालं. गोंगाट होतो म्हणून लोक जागा सोडायला लावत. अखेर १८४६ च्या एप्रिलमध्ये वाल्दोक्को या गरीब वस्तीत एक शेड भाड्याने मिळाली. ती इतकी ठेंगणी, की आतली जमीन खोदून खाली घ्यावी लागली.

त्याच वर्षी बॉस्को मरणाच्या दारातून परत आले. नोव्हेंबरमध्ये ते गावाहून पायी तुरिनला निघाले, तेव्हा ५८ वर्षांची आई सोबत होती. सुना-नातवंडांत सुखाने राहायच्या वयात ती शहरातल्या परक्या पोरांची चूल पेटवायला आली.

सुरुवात काही गोड नव्हती. आसरा दिलेली पोरं सकाळी पांघरुणं घेऊन पसार झाली. तरी १८४७ च्या मे महिन्यात, भर पावसात एक अनाथ पोरगा दारात आला, तेव्हा मार्गारीटाने स्वयंपाकघरातच विटांवर फळ्या टाकून त्याचं अंथरूण केलं. तिथून घर भरत गेलं. सकाळी प्रार्थना, मग पोरं कामावर. जेवायला वाडगं घेऊन रांग. सूप, नाहीतर मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. रात्री वर्ग. फादर स्वतः लाकडं फोडायचे, विजारी शिवायचे. आई रात्री उशिरापर्यंत फाटके कपडे शिवत बसायची. लग्नातला पोशाख आणि सोनंही तिने या घरापायी मोडलं. एकदा खेळाच्या भरात पोरांनी तिचा भाजीचा मळा तुडवला. वैतागून ती गावी परत जाते म्हणाली. मुलाने काही न बोलता भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट दाखवलं. ती राहिली.

बॉस्को यांच्या चमत्कारांच्या गोष्टी पुष्कळ सांगतात. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठी गोष्ट एका कागदाची आहे. १८५२ मध्ये एका पोराला सुताराकडे ठेवताना त्यांनी स्टॅम्प पेपरवर रीतसर करार केला. मालकाने धंदा शिकवायचा, चूक झाली तर तोंडाने समजवायचं, मारायचं नाही. घरची हलकी कामं सांगायची नाहीत, सणावारी सुट्टी द्यायची, मजुरी ठरल्याप्रमाणे वाढवायची. ज्या काळात शिकाऊ पोराला मालक घरगड्यासारखा राबवायचा, तेव्हाची ही गोष्ट. आजही ऊसतोडीला किंवा हॉटेलात गेलेल्या किती पोरांच्या हातात असा कागद असतो?

पुढच्याच वर्षी चपला आणि शिवणकामाचे कारखाने घरातच निघाले. १८५४ मध्ये तुरिनला कॉलरा आला, तेव्हा याच घरातली पोरं रोग्यांच्या सेवेला गेली. अंगावर घालायला नव्हतं तिथे मार्गारीटाने घरातल्या चादरीसुद्धा दिल्या. ती २५ नोव्हेंबर १८५६ ला वारली. घरात वाढलेल्या तरुणांनाच घेऊन बॉस्को यांनी १८५९ मध्ये सेल्शियन संघ स्थापला. सुरुवातीचे सगळे मिळून अठरा जण.

३१ जानेवारी १८८८ रोजी त्यांचं वाल्दोक्कोतच निधन झालं. त्यांच्या संघाची माणसं १९०६ मध्ये तमिळनाडूत तंजावरला आली आणि १९२८ मध्ये मुंबईत.