इमाम अब्दुल्लाह हारून (रह.)

केपटाऊनच्या क्लेअरमाँट भागातील स्टेगमन रोडवर अल-जामिआ नावाची मशीद आहे. १९५५ साली तिच्या इमामतीची जबाबदारी एकतीस वर्षांच्या अब्दुल्लाह हारून यांच्यावर आली. आईचे छत्र तान्हेपणीच हरपलेल्या या हाफिजाने कोवळ्या वयात मक्का येथेही शिक्षण घेतले होते.

दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचे राज्य होते. माणसाने कोठे राहावे हे १९५० च्या कायद्यान्वये त्याच्या वर्णावरून ठरे. या कायद्याने मशिदीच्या कित्येक नमाजींना विस्थापित केले. पुढे खुद्द इमामसाहेबांच्या कुटुंबालाही घर सोडावे लागले.

मार्च १९६० मध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांनी ६९ निदर्शकांना गोळ्या घालून ठार केले आणि काळ्या जनतेच्या संघटनांवर बंदी आली. पुढील वर्षी इमामसाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णभेद इस्लामच्या विरुद्ध असल्याचे जाहीर केले. पण खरे काम मिंबरपासून दूर चालले होते. उपजीविकेसाठी ते एका मिठाई कंपनीचे विक्रेते होते. त्या निमित्ताने त्यांना लांगा, न्यांगा, गुगुलेथू या काळ्यांच्या वस्त्यांत जाता येई आणि तुरुंगात डांबलेल्यांच्या घरी मदत पोहोचविता येई. ती घरे बहुतांशी मुसलमानांची नव्हती, हे ध्यानात घ्या. तेथील लोक त्यांना आपलाच धर्मगुरू मानीत.

२८ मे १९६९ रोजी, मीलादच्या दिवशी, सुरक्षा पोलिसांनी त्यांना बोलावून अटकेत टाकले. १९६७ च्या दहशतवादविरोधी कायद्यात ना मुदत होती, ना वकील, ना खटला. बाहेर समाजातील अनेक जबाबदार मंडळी या काळात गप्प राहिली. ही गोष्ट आपल्यालाही अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही. १२३ दिवसांनी, २७ सप्टेंबरला, त्यांचा कोठडीत मृत्यू झाला. देहावर वीसहून अधिक जखमा होत्या, बरगडी मोडलेली होती. पोलिसांनी ते जिन्यावरून पडल्याचे सांगितले आणि पुढील वर्षीच्या चौकशीने त्यावर शिक्कामोर्तब केले.

जनाजा २९ सप्टेंबरला निघाला. हजारो लोकांनी तो कित्येक किलोमीटर खांद्यावरून मोब्रेच्या कब्रस्तानापर्यंत नेला. त्याच रात्री केप प्रांताला भूकंपाचा हादरा बसला, ही आठवण तेथील वयोवृद्ध अजूनही सांगतात. १९७१ मध्ये बर्नार्ड रँकमोर या ख्रिस्ती पाद्र्याने नव्या चौकशीसाठी एका वलींच्या मजारीजवळ ६७ दिवस उपवास केला. पंतप्रधान फोर्स्टर बधले नाहीत.

वर्णभेदाची राजवट गेली, तरी निकाल तसाच राहिला. कुटुंबाने पाठपुरावा सोडला नाही. पत्नी गलीमा २९ सप्टेंबर २०१९ रोजी, दफनविधीला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, अल्लाहला प्यारी झाल्या. चौकशी पुन्हा उघडली ती २०२२ मध्ये. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने जुना निकाल रद्द केला आणि इमामसाहेबांचा मृत्यू पोलिसांच्या छळामुळेच झाल्याचे नोंदविले.