विश्लेषण : सायकल दुरुस्तीच्या दुकानातून लोखंडी नांगराचा कारखाना कसा उभा राहिला?

बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरणारा राजूर घाट असो की खामगावच्या वाटेवरचा बोथा घाट, चढावर पेडलवर जोर दिला की चेन दातांवरून उडते, ही तक्रार माउंटन बाइक चालवणाऱ्यांना नवी नाही. अशा वेळी फक्त चेन बदलायची, मागची कॅसेटही बदलायची की सगळा गिअर संचच नवा घ्यायचा, हा प्रश्न पडतो. कोणता भाग झिजला, कोणता अजून चालेल आणि नवा भाग मिळेल कुठे, हाच विचार सव्वाशे वर्षांपूर्वी बेळगावातल्या एका सायकलच्या दुकानातही होत होता. त्या दुकानाचे मालक म्हणजे पुढे महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना लोखंडी नांगर देणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर. दुकान ते कारखाना हा त्यांचा प्रवास कसा झाला, याविषयी...

लक्ष्मणराव किर्लोस्कर कोण होते?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे फारसे मन रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे उघडून पाहणे या दोन गोष्टींची मात्र ओढ होती. त्यातून 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे त्यांना अंशतः रंगांधळेपणा असल्याचे लक्षात आले. रंगांच्या छटाच नीट ओळखता येत नसतील तर चित्रकार होणे अवघडच. मग त्यांनी यांत्रिक आरेखनाचा मार्ग धरला. इथे रंग लागत नाहीत, रेषा आणि मोजमाप लागते. मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते हाच विषय शिकवू लागले. फावल्या वेळात संस्थेच्या कार्यशाळेत प्रत्यक्ष काम शिकून घेतले.

धंद्याची सुरुवात सायकलीपासूनच का?

त्या दशकात सायकल हे नवे तंत्रज्ञान होते. 1880 मध्ये हान्स रेनॉल्ड यांनी इंग्लंडमध्ये रोलर चेन आणली. 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर सायकल आली. जवळपास सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला चेनने फिरवण्याची रचना तिच्यात होती. 1888 मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आजच्या माउंटन बाइकचा मूळ आराखडा तोच आहे.

त्याच 1888 मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचा व्यवसाय सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवत आणि थोरले बंधू रामचंद्रराव, म्हणजेच रामूअण्णा, त्या विकत. गिऱ्हाइकाला सायकल चालवायला शिकवण्याचे कामही रामूअण्णांकडेच होते. सायकल परदेशी बनावटीची आणि महाग असल्याने बिघडली तर ती गावातच दुरुस्त होणे गरजेचे होते. त्यामुळे विक्रीबरोबर दुरुस्तीही आलीच.

चेन झिजते म्हणजे नेमके काय होते?

चेन रबरासारखी ताणली जात नाही. प्रत्येक सांध्यात एक पिन फिरत असते. धूळ आणि तेल मिळून तिथे घासणारी लगदी तयार होते, पिन झिजते आणि सांधा किंचित सैल होतो. शंभराहून अधिक सांध्यांचा हा किंचित फरक एकत्र आला की चेन लांब होते. सायकलच्या चेनमध्ये दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर असते. लांबलेली चेन दातांच्या खोबणीत नीट बसत नाही, टोकाकडे सरकते आणि दातही झिजवते. म्हणूनच चेन हा स्वस्त भाग वेळेवर बदलला तर कॅसेट हा महाग भाग वाचतो.

चांगली नोकरी का सोडली?

मुंबईत लक्ष्मणरावांना बढतीत डावलण्यात आले. त्यांच्याऐवजी एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला ती जागा देण्यात आली. कामात कसूर नसताना असे घडल्याने त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. घरात पत्नी राधाबाई आणि वाढता संसार होता. ठरलेला पगार सोडून छोट्या दुकानाच्या भरवशावर राहणे हा मोठा धोका होता. बेळगावात ज्या रस्त्यावर हे दुकान होते, तो आजही किर्लोस्कर रोड म्हणूनच ओळखला जातो.

केवळ परदेशी वस्तू विकून आणि दुरुस्त करून ते थांबले नाहीत. आजूबाजूचा बहुसंख्य समाज शेती करणारा होता आणि त्याच्या हातात लाकडी अवजारे होती. लक्ष्मणरावांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र आणि नंतर लोखंडी नांगर बनवायला घेतला.

लोखंडी नांगर विकला का जात नव्हता?

लाकडी नांगर जमीन उकरतो, पण माती पूर्णपणे उलटवत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव पट्ट्यातल्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा किती खोल मुळे धरतात, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. लोखंडी नांगर खोल जातो आणि ढेकूळ पलटी करून मुळे उघडी पाडतो. फायदा स्पष्ट होता, तरीही लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज त्या काळी पसरलेला होता. सुमारे दोन वर्षे नांगराला गिऱ्हाईकच मिळाले नाही. भांडवल अडकले, पण लक्ष्मणरावांनी नांगर बनवणे सोडले नाही. काही शेतकऱ्यांनी वापरून पाहिल्यावर हळूहळू मागणी सुरू झाली.

या नांगराचेही गणित चेनसारखेच आहे. मातीशी घासून सर्वात आधी झिजतो तो फाळ. तो सुटा काढून बदलता आला, तर बाकीचा नांगर वर्षानुवर्षे चालतो.

बेळगाव सोडण्याची वेळ का आली?

धंदा रुळावर येत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा हवी झाली. उभी केलेली कार्यशाळा हलवणे भाग पडले. त्या अडचणीच्या काळात लक्ष्मणरावांना औंध येथे यमाई देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम मिळाले. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी लक्ष्मणरावांची धडपड ओळखली आणि कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ 32 एकर जागा व 10 हजार रुपये कर्ज दिले.

जागा म्हणजे निवडुंगाचे माळरान, साप आणि पाण्याची टंचाई. 10 मार्च 1910 रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. वसाहतीची उभारणी रामूअण्णांनी सांभाळली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी कामावर घेतले.

पहिल्या महायुद्धात कारखाना कसा टिकला?

1914 नंतर परदेशी लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा मोडीच्या लोखंडाचा आधार घ्यावा लागला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील निकामी झालेल्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून त्यांचे नांगर झाले. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. पुढे पंप आणि अन्य यंत्रे बनू लागली. अमेरिकेत एमआयटीमधून शिकून आलेले चिरंजीव शंतनुराव यांनी उद्योग वाढवला. 1946 मध्ये पुण्यात डिझेल इंजिनांसाठी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली.

1948 मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे मोठे नुकसान झाले. तो पुन्हा उभा राहिला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, 20 जून 1969 रोजी, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आजच्या सायकलस्वाराने यातून काय घ्यावे?

लक्ष्मणरावांचा धंदा रेषा आणि मोजमापाच्या शिक्षणावर उभा राहिला. सायकलचा खर्चही आधी मोजमाप केले तर आटोक्यात राहतो.

* स्टीलची पट्टी चेनवर ठेवून 24 सांधे मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर बरोबर 12 इंच भरते.
* ते 12 इंचांहून एक षोडशांश इंच, म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर वाढले असेल तर चेन बदला. बहुधा कॅसेट वाचते.
* एक अष्टमांश इंच वाढले असेल तर कॅसेटचीही झीज झालेली असते. जुन्या कॅसेटवर नवी चेन घातली तर ती चढावर उडते.
* नवा भाग घेण्याआधी मागचे गिअर मोजा. चेन, कॅसेट आणि शिफ्टर एकाच स्पीडचे हवेत. दहा स्पीडची चेन सात स्पीडच्या चेनपेक्षा अरुंद असते.
* सात स्पीडच्या अनेक सायकलींत आट्यांवर बसणारे फ्रीव्हील असते. तिथे आठ किंवा नऊ स्पीडची कॅसेट थेट बसत नाही. हब किंवा पूर्ण चाक बदलावे लागते.
* घाटासाठी हलका गिअर हवा असेल तर मागे जास्त दातांची चकती घ्या. मात्र तेवढी मोठी चकती आपला डिरेलर पेलतो का, हे आधी तपासा.

शेवटचा प्रश्न मेकॅनिकला विचारायचा. हा भाग पुढच्या वेळी झिजला तर जिल्ह्यात मिळेल का? नाही असे उत्तर आले, तर अधिक स्पीडच्या महागड्या संचापेक्षा सहज मिळणारा सात-आठ स्पीडचा संच घाटवाटांसाठी जास्त कामाचा.