पिंजरा घेऊन खाणीत उतरणारा डॉक्टर

हाल्डेन म्हटलं की बायोलॉजी आवडणाऱ्यांना जे. बी. एस. हाल्डेन आठवतात. १९५७ साली लंडन सोडून कोलकात्याला आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, ते. पण मी लिहितेय ते त्यांच्या वडिलांबद्दल, जॉन स्कॉट हाल्डेन यांच्याबद्दल. आम्हा केमिकलवाल्यांच्या दृष्टीने खरा हीरो बापच आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे प्राणवायू, नत्रवायू असले भारदस्त शब्द माझ्याकडून यायचे नाहीत. गॅसला मी गॅसच म्हणणार, वाचकांनी चालवून घ्यावं.

जन्म १८६० चा, एडिंबरोचा. घराणं जमीनदार, पैशाला तोटा नाही. १८८४ साली एडिंबरोतच डॉक्टरकीची परीक्षा पास झाले. एवढ्या शिक्षणावर आणि खानदानावर आरामात दवाखाना चालवता आला असता. त्याऐवजी हे महाशय डंडी नावाच्या गिरणगावात गेले आणि हवा गोळा करू लागले. म्हणजे अक्षरशः. मध्यरात्रीनंतर गरिबांच्या एका खोलीत सहा-आठ माणसं झोपलेली असताना दार वाजवायचं आणि काचेच्या बाटलीत तिथली हवा भरून आणायची. दिवसा शाळांच्या वर्गांतली हवा. पुढे मामाच्या ओळखीने ऑक्सफर्डला आले (मामा तिथे फिजिऑलॉजीचे प्रोफेसर होते, वशिला तेव्हाही होता!) आणि ते गटारांतही उतरले. पार्लमेंटच्या इमारतीखालचं गटारसुद्धा त्यांनी सोडलं नाही. तिथली हवा लोक समजतात तेवढी जंतूंनी भरलेली नसते, असं त्यांना आढळलं.

पण गटार निरुपद्रवी नसतं, हेही त्यांनीच पाहिलं. १ जुलै १८९५ ला लंडनजवळ ईस्ट हॅम इथे मैलापाण्याच्या पंपिंग स्टेशनवर एक कामगार खाली विहिरीत उतरला आणि कोसळला. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही कोसळला. मग तिसरा, चौथा, पाचवा. पाचही जण गेले. त्यांतले चार तर केवळ मित्राला वाचवायला गेले म्हणून मेले. चौकशी हाल्डेन यांनी केली. दोषी होता हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास येणारा गॅस, ज्याची फर्स्ट इयरला आपण नाक धरून चेष्टा करतो. हा गॅस थोडा असतो तेव्हा वास मारतो. जास्त झाला की वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस पुढे पाऊल टाकतो आणि तिथेच संपतो.

हे वाचताना मला राहून राहून आपल्याकडच्या बातम्या आठवत होत्या. सेप्टिक टँक साफ करायला उतरलेला एक आणि त्याच्यामागून धावलेले दोघं-तिघं. २०१३ साली त्याविरुद्ध कायदा झाला, तरी बातम्या येतच राहिल्या. १८९५ मध्ये कळलेली गोष्ट आहे ही! हाताशी ऑक्सिजनचं उपकरण नाही, कमरेला दोर नाही, वर धरायला माणूस नाही, तर खाली उतरणारा मदत करत नसतो, मृतांची संख्या वाढवत असतो. ऐकायला क्रूर वाटतं. पण ईस्ट हॅमच्या त्या चौघांना कुणी वरच अडवलं असतं, तर ते त्या दिवशी संध्याकाळी घरी गेले असते.

आता खाणींकडे. इंग्लंडच्या कोळसा खाणीत खाणकामगारांनी प्रत्येक वाईट हवेला नाव देऊन ठेवलं होतं. फायरडॅम्प म्हणजे मिथेन, जो पेट घेतो. ब्लॅकडॅम्प, ज्यात दिवा विझतो आणि माणूस गुदमरतो. स्टिंकडॅम्प, म्हणजे वर सांगितलेली सडकी अंडी. आणि आफ्टरडॅम्प, म्हणजे स्फोटानंतर उरणारी हवा. नावं झकास होती, पण आत नेमकं काय आहे ते नीट माहीत नव्हतं. ब्लॅकडॅम्प म्हणजे निव्वळ कार्बन डायऑक्साइड असा समज होता. हाल्डेन यांनी नमुने तपासून दाखवलं की त्यात बहुतांश नायट्रोजनच असतो. कोळसा हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो आणि उरतं ते हे.

२७ जानेवारी १८९६ ला वेल्समधल्या टायलर्सटाऊनच्या खाणीत पहाटे स्फोट झाला. ५७ माणसं गेली, त्यांत पोरंही होती. तोपर्यंत सगळे धरून चालले होते की अशा वेळी माणसं धमाक्याने आणि आगीने मरतात. हाल्डेन तिथे पोचले आणि त्यांनी एकेक मृतदेह पाहिला. बहुतेकांच्या अंगावर प्राण जावा अशी जखमच नव्हती. काही जण तर स्फोटाच्या जागेपासून चालत दूरपर्यंत आले होते. आणि चेहऱ्यांचा रंग गुलाबी, जिवंत माणसाहून टवटवीत. रक्त तपासलं तर ते कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं.

इथे थोडं टेक्निकल सांगते, कंटाळू नका. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जेवढं धरतं त्याच्या दोनशेहून जास्त पट घट्ट कार्बन मोनॉक्साइडला धरून ठेवतं. त्यामुळे हवेत हजारात दोन भाग असला तरी पुरे, हळूहळू सगळ्या जागा तो बळकावतो, आपल्या मेसच्या बाकांसारख्या. त्याला रंग नाही, वास नाही, ठसकासुद्धा लागत नाही. आणि दिवा? दिवा मस्त जळत राहतो, कारण हवेत ऑक्सिजन भरपूर असतो. पिढ्यान्‌पिढ्या लोक ज्योतीवर विसंबून होते आणि ज्योत याबाबतीत साफ आंधळी होती.

हे सगळं हाल्डेन छातीठोकपणे सांगू शकले, कारण त्यांनी तो गॅस आधीच स्वतः घेऊन पाहिला होता. लॅबमध्ये बसून, घड्याळ समोर ठेवून, मधूनमधून स्वतःचं रक्त काढून तपासत. एकदा त्यांच्या रक्तातलं निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने व्यापलं, तेव्हा कुठे ते थांबले. पाय लटपटत होते, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. मला विचाराल तर हा शुद्ध वेडेपणा होता, आज कुठलीही एथिक्स कमिटी त्यांना दारातच उभं करेल. पण त्यातून एक गोष्ट कळली, जी उंदरावरच्या प्रयोगातून कधीच कळली नसती. ती म्हणजे हा गॅस चढत असताना माणसाला आपल्याला काही होतंय असं वाटतच नाही. दारू प्यायलेल्यासारखं डोकं जड, पण आत्मविश्वास शाबूत. बाहेर पडायचं सुचत नाही, आणि सुचतं तेव्हा पाय उचलत नाहीत. त्यांच्याबद्दल एक किस्सा सांगतात. खाणीतल्या दुर्घटनेनंतर वर आले की ते घरी सुखरूप असल्याची तार करायचे. एकदा गॅस इतका चढला होता की आधी तार केल्याचं विसरून त्यांनी पुन्हा केली, पुन्हा केली. घरच्यांच्या हातात तारांचा ढीग!

तर प्रश्न असा की ज्या गोष्टीचा वास नाही, जी दिव्याला कळत नाही आणि जी माणसाची अक्कलच आधी पळवते, ती ओळखायची कशी? टायलर्सटाऊनच्या रिपोर्टमध्ये हाल्डेन यांनी सुचवलेलं उत्तर एकदम साधं होतं. सोबत एक लहान गरम रक्ताचा प्राणी न्या. लहान प्राण्याचा श्वास माणसाच्या कितीतरी पट वेगाने चालतो, त्यामुळे रक्तही तितक्याच वेगाने भरतं. तो आधी कोलमडतो आणि माणसाला मागे फिरायला काही मिनिटं मिळतात. आधी उंदीर होता. पण उंदीर एरवीही कोपऱ्यात मुटकुळं करून बसतो, त्यामुळे तो आजारी पडलाय की झोपलाय हे कळत नाही. पिवळा कॅनरी पक्षी मात्र दांडीवर बसलेला असतो. तो डुलायला लागला की दिसतं आणि खाली पडला की अंधुक उजेडातही दिसतं. पिवळा रंग उगीच नाही.

यात एक गंमत आहे. कॅनरी जसा लवकर पडतो तसा चांगल्या हवेत लवकर सावरतोही. पुढे खास पिंजरे बनवले गेले, ज्यांच्या वरच्या बाजूला ऑक्सिजनची छोटी टाकी असायची. पक्षी पडला की पिंजऱ्याचं दार बंद करायचं, टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा, की पक्षी पुन्हा उठून बसायचा. कॅनरी म्हणजे बळीचा बकरा असं मला वाटायचं. ते चित्र निदान या पिंजऱ्यांपुरतं तरी खोटं आहे.

ऑक्सिजनने विष उतरतं हेही हाल्डेन यांचंच. १८९५ मध्ये त्यांनी एका उंदराला दुप्पट दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवून भरपूर कार्बन मोनॉक्साइड दिला. हिमोग्लोबिन निकामी, तरी उंदीर जिवंत! रक्ताच्या पाण्यात नुसता विरघळलेला ऑक्सिजन त्याला पुरत होता. आज या विषबाधेच्या पेशंटला ऑक्सिजन देतात, गंभीर असेल तर दाबाखाली देतात, त्याचं मूळ इथे आहे.

हॉस्टेलमधल्या आणि विशेषतः बाहेर फ्लॅट घेऊन राहणाऱ्यांनी हा परिच्छेद जरा लक्ष देऊन वाचावा. बाथरूममधला गॅस गीझर म्हणजे आपली घरगुती खाण आहे. खिडकी बंद, थंडी म्हणून झरोक्यावर पुठ्ठा लावलेला, एकामागून एक तिघांच्या आंघोळी. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. डोकं दुखणं, मळमळ, गुडघ्यात जोर नसणं, ही हाल्डेन यांच्या वहीतली लक्षणं आहेत, रात्रीच्या मेसच्या भाजीवर ढकलू नका. आतला आवाज देत नसेल तर दार उघडा किंवा तोडा, गीझर बंद करा, खिडक्या उघडा, त्याला श्वास रोखून ओढत मोकळ्या हवेत आणा आणि १०८ लावा. तिथेच बसून तोंडावर पाणी मारत बसू नका. गीझर आतल्या हवेवर चालणारा असेल तर तो बाथरूमच्या बाहेर लावून घेणं हा खरा उपाय, पण घरमालकाला ते पटवणं हाल्डेनसाहेबांनाही जमलं नसतं.

मुलालाही त्यांनी असंच शिकवलं. छोट्या जे. बी. एस.ला एका खाणीत नेलं, जिथे छताशी मिथेन साठला होता. उभं राहून शेक्सपिअरचं मार्क अँटनीचं भाषण म्हण, असं सांगितलं. थोड्याच वेळात पोरगं धापा टाकत खाली कोसळलं आणि जमिनीवर पडल्यावर शुद्धीवर आलं, कारण मिथेन हवेपेक्षा हलका, खाली हवा चांगली. गॅसची डेन्सिटी आम्हाला टेबलातून पाठ करायला लावतात. ही पद्धत जास्त लक्षात राहिली असती, पण आयांनी कॉलेज बंद पाडलं असतं.

मग महायुद्ध आलं. २२ एप्रिल १९१५ ला यीप्रच्या आघाडीवर जर्मनांनी पिवळट-हिरवा ढग सोडला. काही दिवसांतच किचनर यांनी हाल्डेन यांना फ्रान्सला पाठवलं. वय पंचावन्नच्या घरात. गुदमरणारे कॅनेडियन सैनिक त्यांनी पाहिले, शवविच्छेदनाला हजर राहिले आणि गॅस क्लोरीन असल्याचं पक्कं केलं. इकडे एका वर्तमानपत्राने बायकांना कापसाच्या पट्ट्या शिवायचं आवाहन केलं होतं आणि पट्ट्यांचे डोंगर तयार झाले. कोरडा कापूस क्लोरीन अडवत नाही आणि ओला कापूस श्वासच अडवतो. सद्भावना पुष्कळ, केमिस्ट्री शून्य. हाल्डेन ऑक्सफर्डला परतले आणि पुन्हा तेच, क्लोरीन स्वतःच्या फुप्फुसात, सोबतीला मुलगा. क्लोरीनला पकडणारा सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटोवाल्यांचा हायपो, धुण्याचा सोडा आणि ओलावा टिकवायला ग्लिसरीन, यांत भिजवलेली पट्टी जाळीच्या कापडात बांधून सैनिकांना मिळाली. त्याच मे महिन्यात त्यांचे सख्खे भाऊ, लॉर्ड चॅन्सेलर असलेले रिचर्ड हाल्डेन, जर्मनांचे मित्र असल्याच्या आरोपावरून मंत्रिमंडळातून बाहेर फेकले गेले. एक भाऊ विषारी हवा छातीत घेतोय आणि दुसऱ्याला देशद्रोही म्हणतायत!

पाणबुड्यांना वर आणताना टप्प्याटप्प्याने कसं आणावं याची १९०८ ची कोष्टकंही त्यांचीच, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

१९३६ मध्ये, पंचाहत्तरीत, इराण-इराकच्या तेलक्षेत्रात कामगारांना उष्माघात का होतो हे पाहायला ते स्वतः गेले. परत आले आणि त्याच मार्चमध्ये ऑक्सफर्डला वारले. ब्रिटनच्या खाणींतले कॅनरी मात्र त्यांच्यानंतर पन्नास वर्षं कामावर होते. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर आणून त्यांना निवृत्त करायचं ठरलं, तेव्हा दोनशेच्या वर पक्षी अजून नोकरीत होते. खाणकामगारांना ते काही फारसं आवडलं नाही, कारण बोगद्यात शीळ घातली तर डिटेक्टर उलट शीळ घालत नाही.