सातबारा शोधायची वाट मशीननं ठरवावी म्हणणारे कॉड, स्वतःच्याच कंपनीला नकोसे झाले होते

१ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्हा फुटला आणि जव्हार, मोखाडा धरून आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा झाला. आता समजा, प्रत्येक खातेदाराच्या नोंदीत जिल्हा म्हणून ‘ठाणे’ लिहून ठेवलं असतं, तर किती ओळी बदलाव्या लागल्या असत्या? आणि तालुक्यांचा तक्ता वेगळा ठेवून नोंदीत फक्त तालुक्याचा नंबर टाकला असता तर? आठ ओळी. विषय संपला.

हे डोकं एडगर कॉड यांचं.

जन्म १९२३ चा, इंग्लंडच्या पोर्टलंड बेटावरचा. सात भावंडांत धाकटे. ऑक्सफर्डला शिकले, दुसऱ्या महायुद्धात विमानं उडवली आणि १९४८ ला न्यूयॉर्क गाठून आयबीएमला लागले. अमेरिकेत मॅकार्थींनी कम्युनिस्टांची शोधाशोध सुरू केली तेव्हा वैतागून कॅनडात गेले, काही वर्षांनी परतले ते पुन्हा आयबीएममध्येच. पीएचडी चाळिशी ओलांडल्यावर.

त्या काळी आयबीएमच्या आयएमएस या डेटाबेसमध्ये माहिती वंशावळीसारखी लावलेली असायची. शोधायची वाट प्रोग्रामरनं सांगायची. आधी तालुका, मग गाव, मग खातेदार. रचना बदलली की प्रोग्राम नव्यानं लिहा. १९७० मध्ये कॉडनी पेपर लिहिला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, माणसानं काय हवं तेवढंच सांगावं, कसं शोधायचं ते मशीन बघेल.

आयबीएमला हे पचेना. आयएमएसवर धंदा चालू होता. विरोधकांचा एक मुद्दा मात्र बिनतोड होता. वाट मशीनवर सोडली तर सगळं स्लो होणार नाही का? १९७४ ला चार्ल्स बॅकमन यांच्याशी कॉडचा यावरून जाहीर वाद झाला.

उत्तर मिळालं ते आयबीएमच्याच सॅन होजेच्या लॅबमध्ये. पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ऑप्टिमायझर मांडला. खोडाळ्यातला एक गट नंबर हवा असेल, तर जिल्ह्यातली प्रत्येक ओळ वाचायची की इंडेक्स उघडून थेट त्या ओळीवर जायचं? ऑप्टिमायझर दोन्हींचा खर्च आधीच अंदाजतो आणि स्वस्तातली वाट धरतो. पण इंडेक्सच बनवलेला नसेल तर तोही हतबल. शंभर खातेदारांची नावं एका जॉइननं मागायच्या ऐवजी शंभर वेगळ्या क्वेरी मारणाऱ्या डेव्हलपरलाही तो वाचवू शकत नाही. साइट फिरत बसली की आपण बिचाऱ्या रेंजला शिव्या घालतो, दोष कधीकधी इथला असतो.

आयबीएम विचार करत बसली, तेवढ्यात लॅरी एलिसन यांनी छापून आलेले पेपर वाचून १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणलं. आयबीएमचं प्रॉडक्ट आलं १९८१ ला. त्याच वर्षी कॉडना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मग जो तो आपल्या डेटाबेसवर ‘रिलेशनल’ची पाटी लावायला लागला, म्हणून १९८५ मध्ये त्यांनी बारा नियम काढले. शून्यापासून मोजलेत, त्यामुळं खरे तेरा.

१८ एप्रिल २००३ ला फ्लोरिडात ते गेले. आयएमएस मात्र आयबीएम आजही विकते.