चंद्रावर गेलेला कॅमेरा बनवणाऱ्या माणसाला खरंतर पक्ष्यांचे फोटो काढायचे होते

जुलै १९६९. अपोलो ११ मोहिमेत माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला. हेल्मेटच्या काचेत समोरचं सगळं दृश्य दिसतंय असा बझ ऑल्ड्रिनचा फोटो तुम्ही नक्की बघितला असेल. तो नील आर्मस्ट्राँगने काढला होता. बाहेर फिरताना बराच वेळ कॅमेरा आर्मस्ट्राँगकडेच होता, म्हणून चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या माणसाचे स्वतःचे फोटो अगदी मोजके आहेत.

तो कॅमेरा हॅसलब्लाड कंपनीचा होता. परत येताना फिल्म पृथ्वीवर आली, कॅमेरा मात्र वजन वाचवण्यासाठी तिथेच सोडला.

हा कॅमेरा ज्याच्या डोक्यातून आला, त्या व्हिक्टर हॅसलब्लाड यांना अंतराळाचं काही वेड नव्हतं. त्यांना वेड होतं पक्ष्यांचं.

व्हिक्टर यांचा जन्म ८ मार्च १९०६ चा, स्वीडनमधल्या गोथेनबर्ग या बंदराच्या शहरातला. घरचा व्यापार १८४१ पासूनचा. पुढे या घराण्याने अमेरिकेतल्या जॉर्ज ईस्टमनशी, म्हणजे कोडॅकच्या संस्थापकाशी, जमवून घेतलं आणि स्वीडनमध्ये कोडॅकचा माल विकायला सुरुवात केली. थोडक्यात काय, तर घरात फोटोचा धंदा होता, पण दुसऱ्यांनी बनवलेला माल विकण्याचा.

मुलाने हाच धंदा पुढे न्यावा म्हणून १८ व्या वर्षी त्याला जर्मनीतल्या ड्रेस्डेनला पाठवलं. ड्रेस्डेन म्हणजे तेव्हा कॅमेरा उद्योगाची पंढरीच. तिथून पुढे फ्रान्स, अमेरिका असं करत व्हिक्टर यांनी कारखाने, दुकानं, लॅब सगळं जवळून बघितलं.

शिकत असताना छंद मात्र सुटला नाही. पहाटे उठून पाणथळ जागी जायचं आणि पक्ष्यांचे फोटो काढायचे. १९३५ मध्ये स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवर त्यांचं पुस्तकही आलं.

पण इथेच त्यांना कॅमेऱ्याची अडचण कळली. चांगला, मोठा फोटो हवा तर कॅमेरा अवजड. हातात मावणारा छोटा कॅमेरा घ्यावा तर निगेटिव्ह लहान, त्यामुळे फोटो मोठा केला की बारकावे जातात. पक्षी काही तुम्ही स्टँड लावेपर्यंत थांबत नाही. या दोन्हींच्या मधलं काहीतरी त्यांना हवं होतं.

दरम्यान वडिलांशी बिनसलं. व्हिक्टर यांनी घरची कंपनी सोडली आणि १९३७ मध्ये गोथेनबर्गमध्येच स्वतःचं फोटोचं दुकान आणि लॅब टाकली. घरचा मोठा व्यापार सोडून तिशीतला माणूस दुकानदार झाला.

मग दुसरं महायुद्ध आलं. स्वीडन तटस्थ होता, पण सावध होता. १९४० मध्ये स्वीडनच्या हवाई दलाच्या हाती एक जर्मन हवाई कॅमेरा लागला. असाच कॅमेरा बनवता येईल का, अशी विचारणा व्हिक्टर यांच्याकडे झाली. असाच नाही, पण यापेक्षा चांगला बनवता येईल, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं, असं सांगितलं जातं.

काम सुरू झालं ते गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजशेजारच्या शेडमध्ये. जवळच भंगाराचं आवार होतं. तिथून हवाई दलासाठी कॅमेरे बाहेर पडू लागले. १९४२ मध्ये वडील वारले आणि घरची कंपनीही व्हिक्टर यांच्या ताब्यात आली.

लष्कराचं काम पोटापाण्याचं होतं. मनात मात्र पक्ष्यांसाठी हवा असलेला तो कॅमेरा होताच. युद्ध संपल्यावर त्यांनी तो हाती घेतला. बाहेरचं रूप दिलं सिक्स्टन सासोन यांनी. साब कंपनीच्या पहिल्या मोटारीचं डिझाइन करणारे ते हेच.

ऑक्टोबर १९४८ मध्ये न्यूयॉर्कला हा कॅमेरा जगासमोर आला. नाव १६००एफ, कारण शटरचा वेग सेकंदाच्या १६०० व्या भागापर्यंत जायचा.

यातली खरी गंमत होती रचनेत. कॅमेरा म्हणजे एक छोटी पेटी. पुढची लेन्स निघते, वरचा व्ह्यूफाइंडर निघतो आणि मागचा फिल्मचा डबाही निघतो. अर्धी फिल्म संपलेली असताना डबा काढून दुसरा लावता येतो. फोटो चौकोनी, सुमारे ५६ बाय ५६ मिलिमीटरचा. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरच्या फोटोपेक्षा साडेतीन पट मोठा. यालाच मिडियम फॉरमॅट म्हणतात.

कौतुक झालं, पण माशी शिंकली. अतिशय पातळ धातूच्या पडद्याचं ते वेगवान शटर वारंवार बिघडायचं आणि विकलेले कॅमेरे दुरुस्तीला परत यायचे. ज्या वेगाची जाहिरात केली, तोच दुखणं होऊन बसला. १९५२ मध्ये वेग कमी करून १०००एफ आणला, तरी व्हिक्टर यांचं समाधान झालं नाही.

१९५७ मध्ये त्यांनी मोठा निर्णय घेतला. शटर कॅमेऱ्यातून काढून थेट लेन्सच्या आत बसवलं. हा ५००सी. वेग सेकंदाच्या ५०० व्या भागावर आला, म्हणजे कागदावर कॅमेरा मागे गेला होता. जुन्या लेन्सही याला चालत नव्हत्या, म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकांची नाराजी ओढवण्याचा धोका होता. पण नवं शटर भरवशाचं होतं आणि फ्लॅश कोणत्याही वेगाला चालायचा. लेन्स बनवल्या जर्मनीच्या झाइसने.

हा जुगार यशस्वी झाला. स्टुडिओ, फॅशन, जाहिरात, सगळीकडे हा कॅमेरा दिसू लागला. १९६२ मध्ये वॉली शिर्रा या अंतराळवीराने ह्यूस्टनच्या एका दुकानातून ५००सी घेतला. वजन कमी करण्यासाठी काही भाग काढले, चकाकी येऊ नये म्हणून काळा रंग दिला आणि तो कॅमेरा त्याच्याबरोबर अंतराळात गेला. कंपनीला हे कळलं नंतर! तिथून नासाशी जमलं आणि सात वर्षांत हॅसलब्लाड चंद्रावर पोचला.

व्हिक्टर यांनी १९७६ मध्ये कंपनी विकली. ५ ऑगस्ट १९७८ ला ते गेले. त्यांना आणि पत्नी एर्ना यांना मूल नव्हतं. त्यांची संपत्ती दोघांच्या नावाच्या फाउंडेशनला गेली. हे फाउंडेशन १९८० पासून फोटोग्राफीतला हॅसलब्लाड पुरस्कार देतं. २०२२ मध्ये तो भारताच्या दयानिता सिंह यांना मिळाला.

आता प्रश्न असा की १९५७ च्या लेन्सचं आज काय?

तर त्या आजही चालतात. २०१६ मध्ये याच कंपनीने एक्सवनडी हा आरसा नसलेला डिजिटल मिडियम फॉरमॅट कॅमेरा आणला. लेन्सशिवाय वजन फक्त ७२५ ग्रॅम. जुना ५००सी लेन्स आणि फिल्मच्या डब्यासह दीड किलोच्या घरात जायचा. जुन्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरशाची मोठी जागा होती. नव्यात आरसाच नाही, म्हणून तेवढ्या अंतराचा एक अॅडॅप्टर मध्ये लावला की जुनी लेन्स बसते. फोकस मात्र हाताने रिंग फिरवून करायचा. स्क्रीनवर तो भाग मोठा करून बघता येतो, त्यामुळे हे काम आता बरंच सोपं झालंय.

फरक दोन. नव्या कॅमेऱ्याचा सेन्सर ४४ बाय ३३ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या फिल्मपेक्षा लहान. त्यामुळे ८० मिलिमीटरची तीच लेन्स आता थोडी जवळचं दाखवते. दुसरा फरक शटरचा. नव्या कॅमेऱ्यात स्वतःचं यांत्रिक शटर नाही, ते त्याच्या नव्या लेन्समध्ये असतं. जुन्या लेन्सच्या शटरला मात्र हा कॅमेरा आज्ञा देऊ शकत नाही. म्हणून ते शटर उघडं ठेवून इलेक्ट्रॉनिक शटर वापरावं लागतं. ते सेन्सर ओळीओळीने वाचतं आणि त्याला वेळ लागतो. डोंगर, इमारत, शांत बसलेला माणूस यांचे फोटो झकास येतात. उडणारा पक्षी मात्र वाकडा दिसतो.

त्यावरही उपाय आहे, आणि तो व्हिक्टर यांच्याच रचनेत आहे. मागचा फिल्मचा डबा काढायचा आणि तिथे कंपनीचं डिजिटल बॅक लावायचं. मग जुन्या कॅमेऱ्यावर जुनी लेन्स तिच्या मूळ शटरसह चालते. फक्त वजन पुन्हा वाढतं.

कोणी अशी जुनी लेन्स घेणार असाल, तर आधी उजेडात धरून काचेत बुरशी आहे का बघा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती लवकर धरते. शटर सगळ्या वेगांना नीट चालतंय ना, तेही तपासा. ५००सी च्या बाबतीत व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी सगळ्यात जास्त काळजी घेतली होती ती याच भागाची.